निकालाआधीचा फलक

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. आपण रोज देवापाशी काय मागतो? मन शांत राहू दे! बरं — राहिलं शांत. पुढं? मन शांत राहिलं म्हणजे माणूस जिंकतोच का? आणि जिंकणार नसेल, तर त्या शांत मनाचं करायचं काय? लोणचं घालायचं?

हसू नका! उत्तर आज तलवार देणार आहे.

एक गाव होतं. नाव विचारायचं नाही. विचारायचं नाही म्हणजे नाही! त्या गावात गोदावरी नावाची कॉलेजात जाणारी पोरगी होती. सगळे गोदा म्हणायचे. खेळ कोणता खेळायची? तलवारबाजी. त्यातला सेबर. माहीत आहे का कुणाला? मागं बसलेले जाणते माना डोलवतायत — त्यांना काही माहीत नाही!

सांगतो. तोंडावर जाळीचा मुखवटा, अंगात तारेचं जाकीट. कमरेच्या वर कुठंही वार लागला की दिवा पेटतो. दोघींचे दिवे एकदम पेटले, तर आधी चाल कुणाची ते पंच ठरवतो आणि गुण तिला देतो. पापणी लवते तेवढ्यात सगळं संपतं! आता एक नियम ध्यानात ठेवा, आख्यान त्याच्यावरच उभं आहे. पंच ‘प्ले’ म्हणेपर्यंत जागचं हलायचं नाही. हललात की पिवळं कार्ड. पुन्हा हललात — लाल! आणि लाल म्हणजे समोरच्याला फुकटचा गुण.

आणि आमची गोदा? अहो, उतावळी! बाप पखवाजी. — सोपानराव, खाली काय बघताय? थाप मारा! — लहानपणापासून ती बापाशेजारी टाळ घेऊन उभी राहायची, आणि तिचा टाळ कायम ठेक्याच्या पुढं पळायचा. बाप म्हणायचा, “गोदे, कान उघडे ठेव. हात येतो आपोआप मागनं.” ऐकतंय कोण!

तर झालं असं, की राज्याच्या निवड चाचणीत गोदा उतरणार होती. शेवटच्या चौघींत जी येईल ती महाराष्ट्राच्या संघात. पोरीला ते फार हवं होतं. जेवताना, झोपताना, दुसरा विषय नाही. आणि गावाला? गावाला तिच्यापेक्षा घाई! चाचणीला निघायच्या दिवशी ती स्टँडवर आली आणि बघते तर काय — वर हा एवढा फलक! ‘राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ झाल्याबद्दल! अजून एसटी सुटायची होती! फलकावर सरपंचांचा फोटो मोठा, शुभेच्छुकांचे मधले, आणि गोदा कुठं? कोपऱ्यात. सरपंच म्हणाले, “बेटा, आता नाव राख.” गोदा हसली खरी, पण गाडीत बसली तेव्हा तिच्या पोटात गोळा आला होता. हरले तर या फलकाखालून घरी जायचं कसं?

पहिल्या लढती ती जिंकली. मग आली ती लढत — जिंकेल ती संघात. समोर नाशिकची मृण्मयी. उंच, थंड डोक्याची. पंच म्हणाले, “ऑन गार्ड! रेडी?” — आणि गोदा सुटली! ‘प्ले’ म्हणायच्या आधीच! पिवळं कार्ड. आता तिला हलायची भीती. मग काय, पंचांचा शब्द आला तरी पाय उचलेना. मृण्मयी येतेय, मारतेय, परत जातेय. दिवा पेटतोय तो तिच्याच बाजूचा. मृण्मयी आठवर पोचली. गोदा तीन! आठला मिनिटभराची विश्रांती असते. गोदानं मुखवटा वर केला, तोंड घामानं निथळत होतं.

बनसोडे मॅडम तिच्या प्रशिक्षक. त्या रागावल्या नाहीत. पाण्याची बाटली देऊन म्हणाल्या, “गोदा, खरं सांग. कुणाशी खेळतेयस?”

गोदा म्हणाली, “फलकाशी, मॅडम.”

बघा हो! पोरीनं बरोबर ओळखलं! आपण आयुष्यभर भांडतो, कुणाशी भांडतोय ते ओळखतो का?

मॅडम म्हणाल्या, “तो फलक राहिला तुझ्या गावात. इथं समोर एक पोरगी आहे आणि कानावर एक शब्द येणार आहे. एवढंच आहे इथं.”

गोदा परत रेघेवर उभी राहिली. छाती धडधडत होतीच, मंडळी! शांत मन म्हणजे धडधड थांबते असं नाही. पण तिनं एक लांब श्वास सोडला आणि कान उघडे ठेवले. ‘कान उघडे ठेव, हात येतो मागनं’ — इतक्या वर्षांनी बापाचं बोलणं आत शिरलं. “रेडी?” — थांबली. “प्ले!” — निघाली! दिवा तिचा. पुन्हा थांबली, पुन्हा निघाली. गुण गेला की श्वास सोडायचा, गुण आला तरी तेच. करत करत, मंडळी, चौदा-चौदा!

पंधरा गुणांचा खेळ — आता पुढचा गुण, संपला खेळ. पंच म्हणाले, “रेडी?” — आणि थांबले. थांबले ते थांबलेच! प्रेक्षकांत, वरच्या बाकावर, सोबत आलेल्या बापाची — आपल्या सोपानरावांची हो — बोटं मांडीवर थिजली. डोक्यावर पिवळं कार्ड आहे. हलली, तर वार न होताच सगळं गेलं! हलली का गोदा?

नाही हलली.

“प्ले!” दोघी झेपावल्या. दोन्ही दिवे पेटले! पंचांनी हात उचलला... मृण्मयीकडं.

हरली हो गोदा! एका गुणानं हरली. तिनं मुखवटा काढला, तलवार कपाळाशी नेऊन मृण्मयीला सलाम केला, हात मिळवला. मॅडम म्हणाल्या, “रडायचं असेल तर रड.” गोदा म्हणाली, “रडणार आहे मॅडम. पण भूक लागलीय, आधी जेवते.” आणि मग एसटीत बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून पोटभर रडली. दुःख झालं, खूप झालं. पण पोटातला गोळा? तो गेला होता.

स्टँडवर उतरली, तर सगळे दुसरीकडं बघतायत! सरपंच पुटपुटले, “माणूस पाठवतो, काढून टाकतो.” गोदा म्हणाली, “काका, शिडी धरा. मीच काढते. कापड चांगलं आहे, मंदिरात अंथरायला होईल.”

मंडळी, पोरगी एकदा हुकमाआधी सुटली, तिला पिवळं कार्ड मिळालं. आणि आपण? अख्खं गाव निकालाआधी सुटलं — आपल्याला कुणी कार्ड दाखवलं? पोरगं परीक्षेला बसायच्या आत पाहुण्यांना डॉक्टर होणार म्हणून सांगतो आपण! त्याच्या पोटातला गोळा कुणाचा? आपलाच!

मग शांत मनाचं करायचं काय? हरल्यावर त्याच स्टँडवर उतरता येतं, आणि पुन्हा तिथूनच गाडी धरता येते. गोदा उद्या सकाळी पुन्हा, यंदाच्या चाचणीला निघालीय. ती बघा, टाळकऱ्यांत दुसरी. गोदे, लाजू नको! स्टँडवर या सगळे, हात हलवा आणि घरी जा. फलक नको!

आता आरतीला उठा. आणि उठता उठता, ज्याच्यावर बसलात ना, त्याचा कोपरा जरा उलटा करून बघा. सरपंच, तुम्ही आधी बघा!