काकाच्या पोटातली पऱ्हाटी

तुमीच सांगा, आपल्याकडच्या माणसाले किळस आणावी तरी कशी? मी एक भयानक गोष्ट लिहिली. एक म्हातारा मरते, तिरडीवरच त्याच्या पोटातून पऱ्हाटी उगवते, अन् नातेवाईक रडता रडता कापूस वेचू लागतेत. वाचणाऱ्याले हसूही यावं अन् मळमळावंही, असा माहा बेत.

नेरच्या काकानं ते वाचून फोन केला. "हा म्हातारा मीच ना रे?"

"नाही काका, मनानं लिहिलं."

"खोटं नको बोलू. खोकला माहा, मफलर माहा."

मी म्हटलं, "चुकलं काका. तुमाले माराले नको होतं."

"मारलं त्याचं काही नाही. पण गोष्टीत कापसाचा पयला वेचा माह्या जावयाले काहून देल्ला? तो कधी माह्या वावरात तरी आला का?"

"अहो काका, ते काल्पनिक आहे!"

तेवढ्यात मागून काकू वरडली, "अन् त्याले इचारा, सीतादहीची पूजा न करताच वेचणी कशी लावली? मले सांगतलं असतं, तं दहीभाताचा निवद मी ठेवला असता ना तुमच्या पोटावर!"