आडनावाच्या जागी

तोंडी परीक्षा घ्यायला आलेल्या पूंगोडीबाई मदुरैच्या एका कॉलेजात, व्हरांड्यातल्या बाकावर टेकल्या होत्या. शेजारच्या दोघी मुलींना वाटलं, असेल कुणाची तरी आई.

"याळिनी, पाणी पी. ओठ पांढरे पडलेत तुझे."

"मेले गं, कयल! प्रबंधात परीक्षक बाईंचंच नाव चुकवलंय मी."

"म्हणजे?"

"नियमपुस्तक म्हणतं, संदर्भात आधी आडनाव लिहा. आपल्या तमिळ लोकांत आडनाव असतं कुठं? नावाआधी वडिलांचं नाहीतर नवऱ्याचं आद्याक्षर, बस. त्यांच्या जुन्या लेखांवर 'एस. पूंगोडी' आहे. एस म्हणजे सेल्वम, तेच घातलं आडनावाच्या जागी. आता पानोपानी 'सेल्वम म्हणतात, सेल्वम म्हणतात'!"

"मग काय झालं? वडिलांचंच नाव ना ते?"

"नवऱ्याचं! मारायचा म्हणे. कोर्टात खेटे घालून सुटल्या त्या, नावही टाकलं त्याचं. आणि मी ते परत चिकटवलं. मला आज सकाळी कळतंय हे!"

"हळू बोल. पेनाने खोड ना."

"हात बघ कसा कापतोय. हाकलून देतील गं मला."

कयल शेजारी वळली. "अम्मा, पेन आहे का हो तुमच्याकडे?"

पूंगोडीबाईंनी पर्समधून पेन काढून दिलं.

"खोड, बाळ. पहिल्या खेपेला हात कापतोच."

तेवढ्यात शिपायाने दार उघडलं.

"पूंगोडी मॅडम, सगळे खोळंबलेत. मुलीला आत बोलवू ना?"

याळिनीच्या हातून पेन गळून पडलं. बाईंनी ते उचलून पुन्हा तिच्या मुठीत दिलं.

"थांबू देत त्यांना. तिचं खोडून होऊ दे आधी."