तो आशीर्वाद नव्हता

पुरवणी जबाब. नाव व पत्ता पहिल्या जबाबात लिहिल्याप्रमाणे. वय २४ वर्षे, धंदा नोकरी, परराष्ट्र खात्याच्या समाजमाध्यम कक्षात छायाचित्र सहायक.

समक्ष हजर राहून सांगते की, माझ्या पहिल्या जबाबात 'लाँड्रीवाल्या मावशी पाहुण्या इंजिनिअरला आशीर्वाद देत होत्या' असे आले आहे. ते चूक आहे. मी तिथे नव्हते. फोटो पाहून मी तसे सांगितले.

शेजारी देशाचे इंजिनिअर आमच्या नदीवर पूल बांधत आहेत. खात्याच्या पानावर टाकलेल्या त्या फोटोत मावशींचा हात वर आहे आणि एका इंजिनिअरची मान खाली आहे. 'आईचा आशीर्वाद' ही ओळ आमच्या कक्षाच्या साहेबांनी दिली. शेजारच्या सरकारनेही तोच फोटो आपल्या पानावर लावला. आमच्याकडे फोटो चौकोनी कापतात, कडेला धुणे किंवा कचरा दिसत असेल तर तो काढतात. हा फोटो मी कापला. त्यानंतर मावशींच्या शटरवर कोणीतरी 'शेजाऱ्यांना विकली गेली' असे रंगवले आणि गिऱ्हाईक तुटले. त्यांची फिर्याद त्याबद्दल आहे. शटर कोणी रंगवले ते मला माहीत नाही.

काल मी फोटोग्राफरकडून पूर्ण फोटो मागवला. कापलेल्या भागात दोरीवर पांढरी चादर आहे. तिच्यावर ग्रीसने माखलेले दोन पंजे उमटले आहेत. तो फोटो घेऊन मी मावशींकडे गेले.

त्या म्हणाल्या, "आशीर्वाद कसला डोंबलाचा! हॉटेलची चादर होती. चांगला फैलावर घेतला त्याला. भाषा कळेना, पण शिव्या बरोबर कळल्या."

मी विचारले, "मग?"

"मग काय, दुसऱ्या दिवशी बाह्या सारून स्वतः चादर धुवायला बसला. धुता येत नाही मेल्याला. हसून हसून माझं पोट दुखलं."

त्या धुण्याचा फोटोही फोटोग्राफरकडे आहे. त्यात दोघे हसत आहेत. लावू का, असे मी विचारले.

मावशी म्हणाल्या, "आता विचारतेस होय? बरं, विचारलंस तरी. लाव. पण दुकानाची पाटी दिसू दे."

साहेबांना सांगितले. ते म्हणाले, "धुणं म्हणजे परराष्ट्र धोरण नव्हे. आणि तुझी नोकरी अजून कच्ची आहे." फोटो मात्र बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "लावायचाच तर तुझ्या सहीने लाव."

आमच्या घरात शिकलेली मी पहिली. बाबा म्हणाले, "नोकरी काढून घेतील. शिकलेलं कोण काढून घेणार?"  आईने माझे ऑफिसचे कपडे गोळा केले आणि मावशींच्या दुकानात इस्त्रीला टाकून आली.

जबाब मला वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो उतरला आहे. फक्त शेवटी एक ओळ वाढवावी, अशी मी विनंती केली ती अशी: दोन्ही फोटो, न कापता, पूल खुला होण्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे येत्या बुधवारी, मी लावणार आहे.