ओट्यापासून कपाटापर्यंत

दुकानदार : सोडू नका! बाई, दांडा सोडू नका!

डॉक्टर : नाही सोडत हो. जन्मभर लोकांच्या अक्कलदाढा उपटल्यात मी. हा काय पळून जातोय?

दुकानदार : पळत नाही, उसळतो. आत कॉफी न भरताच ओढलात तुम्ही. सुटला तर थेट हनुवटीवर!

चष्मेवाले : वा! दाताच्या डॉक्टर स्वतःचेच दात ओंजळीत घेऊन घरी.

डॉक्टर : तुम्ही दात काढा. मशीन बघा, कसं ऐटीत उभं आहे!

दुकानदार : हळूहळू वर जाऊ द्या... हां, असं. हे स्प्रिंगचं. दांडा तुम्ही खाली ओढायचा, मग स्प्रिंगच पाणी दाबत त्याला वर नेते. ते शेजारचं बुटकं, त्यात स्प्रिंगबिंग काही नाही. सगळा जोर आपल्या दंडाचा.

चष्मेवाले : माझा दंड म्हणजे चष्म्याची काडी. कप भरेपर्यंत मीच गळून पडेन.

दुकानदार : पण घरात साधं बटणाचं मशीन का नको तुम्हाला?

डॉक्टर : बटण दाबलं की झालं! मग गप्पा कधी मारायच्या?

चष्मेवाले : त्याचं असं आहे, वर यांचा दवाखाना, खाली माझं चष्म्याचं दुकान. मध्ये दारात एकाची कॉफीची गाडी होती, असलंच दांड्याचं मशीन. रोज संध्याकाळी आम्ही दोघं तिथे. गेल्या महिन्यात त्यानं गाशा गुंडाळला.

डॉक्टर : तेव्हापासून हे रोज दात दाखवायला वर येतात. एकही दुखत नाही मेला!

चष्मेवाले : सगळे तपासून झाले. आता काय, नवे उगवायची वाट बघू?

दुकानदार : म्हणून मशीन! उत्तम. दोघांत एक?

डॉक्टर : दोघांत एक. आणि हेच, स्प्रिंगचं. ठरलं.

चष्मेवाले : ठरलं!

दुकानदार : थांबा, उतावळेपणा नको. दांडा वर गेला की हे किती उंच होतं बघितलंत? ओटा आणि वरचं कपाट यांच्यात जागा किती आहे?

चष्मेवाले : माप आणलंय. ही बघा, चष्म्याची दोरी. गाठ मारलीय तिथपर्यंत.

डॉक्टर : तुम्ही कशाला आणलंत? मी आणलंय. हा दात साफ करायचा दोरा. अगदी ताणून घेतलाय.

(दुकानदार दोन्ही मापं मशीनला लावून बघतो.)

दुकानदार : दोऱ्याप्रमाणे मशीन बसतं. दोरीप्रमाणे दांडा कपाटात घुसतो. एका ओट्याची दोन मापं कशी हो?

डॉक्टर : यांनी चुकीचं घेतलं असणार. नाकाची मापं घेणारा माणूस!

चष्मेवाले : चुकीचं? तुम्ही दार उघडायला गेलात ना परवा, तेवढ्यात स्टुलावर चढून घेतलंय. पडता पडता वाचलो.

डॉक्टर : दार उघडायला... म्हणजे माझ्या घरी?

चष्मेवाले : मग? तुम्ही कुठलं घेतलंत?

डॉक्टर : तुमचं. तुम्ही बिस्किटांचा डबा शोधत होतात तेव्हा.

दुकानदार : अरे देवा! म्हणजे मशीन कुणाच्या घरी, हेच बोलला नाहीत?

चष्मेवाले : मला वाटलं, यांच्याकडे. मशीन तिथे असलं की... रोज सकाळीसुद्धा जाता येईल. आणि मग कधीतरी, म्हणजे यांची हरकत नसेल तर, परत यायलाच नको.

डॉक्टर : काय म्हणालात?

चष्मेवाले : डॉक्टर, रागावू नका. विचारायची छातीच होत नव्हती. पुतण्याला मात्र सांगून बसलोय, माझी जागा रिकामी होईल म्हणून.

डॉक्टर : अहो, मी माझी कुंड्यांची फौज भाचीला देऊन टाकली! पलंगसुद्धा कबूल केलाय तिला!

चष्मेवाले : का?

डॉक्टर : का काय का? तुमच्याकडे पलंग आहे म्हणून!

दुकानदार : छान! लग्नाआधीच दोघांनी घरं वाटून टाकली. आता मशीन घेऊन फुटपाथवर बसा.

डॉक्टर : हसवू नका हो, पोट दुखतंय माझं... अहो, तुम्ही रडताय की हसताय?

चष्मेवाले : काच धूसर झालीय. थांबा, पुसतो. डॉक्टर, खरंच याल?

डॉक्टर : मापं काय मी गंमत म्हणून घेत फिरते? येणार. पुतण्याला सांगा, जागा रिकामी नाही. आणि भाचीकडून माझ्या कुंड्या परत आणा. मागायला तुम्हीच जायचं, मला लाज वाटते.

चष्मेवाले : आत्ता जातो!

डॉक्टर : आत्ता नको. आधी मशीन.

दुकानदार : मग ते बुटकं देऊ का? ते दोन्हीकडे बसेल. उद्या भांडलात तरी अडचण नाही.

डॉक्टर : मुळीच नको! हेच द्या. यांच्याच घरी बसतं, ते बरं आहे.

दुकानदार : मग पत्ता यांचा लिहितो. रविवारी सकाळी माणूस पाठवतो. दार उघडायला घरी कुणी असतं ना?

चष्मेवाले : एकटा माणूस मी, सकाळी फिरायला जातो. आजवर कुणी नसायचं... या रविवारी असेल.