शोकसभेतलं मराठी

आईला जाऊन महिना झाला होता, आणि तेव्हापासून कुठेही मराठी कानावर पडलं की सुचेताचे पाय आपोआप तिकडे वळत. लंडनमधल्या वेम्बलीच्या बसस्टॉपवर रांगेत तिच्यापुढे एक काका आणि त्यांची पुतणी भांडत होते.

"उद्या शोकसभेत तू बोलायचं नाहीस, अन्वी. फोटोला फूल वाहायचं आणि गप्प बसायचं."

"का पण? आज्जी माझी पण होती!"

"तुझं अर्धं मराठी, अर्धं इंग्लिश. लोक हसतील. हवं तर सरळ इंग्लिशमध्ये बोल."

"इंग्लिशमध्ये मी बॉसशी बोलते. आज्जीशी मी अशीच बोलायचे."

"म्हणूनच सांगतोय. इट्स अ मॅटर ऑफ रिस्पेक्ट!"

"हे शुद्ध मराठी का, काका?"

"उद्धटपणा पुरे."

"मग शेवटच्या फोनवर ती काय म्हणाली, ते मी कसं सांगू? 'अन्वी, हीटिंग ऑन कर गं, उगाच सेव्हिंग नको करूस, आजारी पडशील.' असंच म्हणाली ती."

"माझी आई असं बोलायचीच नाही."

"तुमच्याशी नव्हती बोलत. एक इंग्लिश शब्द तोंडून आला की तुम्ही तिला टोकायचात, मग ती गप्प व्हायची. माझ्याशी तासन् तास बोलायची."

बस आली. काका चढले नाहीत. सुचेताही नाही.

"किती वेळ हवाय तुला उद्या?" काकांनी विचारलं.

"तुम्हाला जितका आहे, तितकाच."