प्रतिकाराच्या सुया

अलेक्झांड्रियाच्या कॅन्सर दवाखान्यात रक्ताच्या रिपोर्टाच्या रांगेत बुसैनापुढे सासू-सून भांडत होत्या. बुसैनानं मागं सरायला हवं होतं, पण ती पुढंच सरकली.

“आई, फ्रिजात पाच सुया होत्या. मला तीनच मिळाल्या. दोन कुठं गेल्या?”

“साबरी मक्केला, उमराहच्या यात्रेला निघाला होता ना! तिथं लाखो माणसं, कोण कुठं खोकतंय. औषधवाल्याकडून घेतल्या त्यानं टोचून.”

“माझ्या सुया? त्या धडधाकट रेड्याला?”

“दिराला रेडा म्हणतेस? अख्खा मोहल्ला त्यांना प्रतिकाराच्या सुया म्हणतो. प्रतिकार काय तुला एकटीलाच लागतो?”

“केमोनं माझ्या पांढऱ्या पेशी मरतात. ही सुई हाडांतल्या मगजाकडून नव्या करवून घेते. पेशी नसल्या की केमो देत नाहीत, आई. त्याला काय धाड भरली होती?”

“त्याला तरी कुठं मानवल्या! हाडं दुखतात म्हणून मक्केत कंबर धरून बसला, बिचारा.”

“दुखतातच.”

“तू तर कधी बोलली नाहीस?”

“कुणी विचारलं?”

खिडकीतून नर्सनं हाक मारली. “इन्शिराह! पेशी फार कमी आहेत गं. केमो आज नाही, तिसऱ्यांदा पुढं ढकलतोय. पाचही सुया घेतल्यास ना?”

“हो म्हण,” सासू कुजबुजली. “घरची लक्तरं वेशीवर टांगू नकोस.”

“तीन घेतल्या, सिस्टर. दोन उमराह करून आल्या.”