सुंबरलिरिहचं पाणी

अश्विनी : ...आणि पुढे असं लिहिलंय, ऐक मामा. 'ज्वालामुखीच्या कुशीत विसावलेलं, काळाला विसरलेलं गाव.' इंग्रजीत जरा बरं वाटतं ते.

दत्ताराम : काळाला कसलं विसरलंय गो? तिथल्या पोरांच्या हातात माझ्यापेक्षा भारी मोबाइल हायत.

अश्विनी : म्हणून तर आज सुट्टी बघून तुझ्याकडे आले. ऑफिसात साहेब म्हणाले, ईस्ट जावातलं सुंबरलिरिह, आपले व्हिला येतायत तिथे, गावाचं प्रोफाइल लिही. अर्धं फिरायला येणाऱ्यांसाठी, अर्धं पैसा गुंतवणाऱ्यांसाठी. नाव वाचलं आणि मला काही सुचेचना. अख्ख्या ऑफिसात ते नाव आधी ऐकलेली मी एकटीच.

दत्ताराम : तू कुठनं ऐकलंस? मी तर तुझ्यापुढं कधी काढलं नाय.

अश्विनी : आईकडून. म्हणजे भांडणात. माझं बहारीनला यायचं ठरलं तेव्हा बाबा म्हणाले, तिकडे तिचा मामा आहे, काळजी नाही. तर आई म्हणाली, तो जाऊन बसतो सुंबरलिरिहला, त्याला कसली आलीय भाची.

दत्ताराम : म्हणजे मथुरेला नाव पाठ हाय.

अश्विनी : मामा, लास्त्रीमामींचं गाव ना ते?

दत्ताराम : काय म्हणालीस?

अश्विनी : लास्त्रीमामी. चुकलं का काही?

दत्ताराम : नाय. चुकलं नाय काय. आमच्या घरातनं तिला मामी म्हटलेलं कधी ऐकलं नव्हतं, म्हणून. बस. पाय वर घे. चहा टाकतो.

अश्विनी : चहा राहू दे. सांग ना. कशा होत्या?

दत्ताराम : कशा होत्या म्हणजे... माणसासारखं माणूस. याच अरादच्या घरात आम्ही दोघं कामाला. मी गाडीवर आणि ती मालकांच्या म्हाताऱ्या आईकडं. म्हातारीला दवाखान्यात न्यायचं तर पुढं मी, मागं त्या दोघी. आधी आम्ही अरबीत बोलायचो. मोडकं तिचंही, माझंही. एकदा म्हातारीला झोप लागली, तर ही मागनं विचारते, तुमच्याकडं भात कसं लावतात? मी म्हटलं, आवणाची रोपं काढून, चिखलात. ही म्हणते, आमच्याकडंही. तेवढ्यावर पुढचं सगळं झालं बघ.

अश्विनी : लग्न इथे केलंत?

दत्ताराम : नाय, तिच्या गावात. अर्धं गाव मुसलमान, अर्धं आपल्यासारखं हिंदू. मशीद हाय, देऊळही हाय. देवळात लग्न लागलं आणि जेवणाला झाडून सगळं गाव. तिथनं तिला कोकणात घेऊन गेलो. मथुरेनं पाणी दिलंन, पण पडवीवरच. आत ये म्हटलं नाय. अंगणात माणसं भात वारवत होती, ही तिथं जाऊन बसली, सूप घेतलंन आणि पाखडायला लागली. संध्याकाळपर्यंत बसली तशीच. मथुरा आत रडत होती. मला ऐकू येत होतं. पण ये म्हटलं नाय.

अश्विनी : आईने हे कधीच सांगितलं नाही.

दत्ताराम : काय सांगेल? इथं परतल्यावर हिला ताप आला, तो डोक्यात गेला. मालकांनी सगळं केलं, त्यांना नाव ठेवायला जागा नाय. पण ती गेली. मी तिला तिच्या घरी नेली. तिथं पुरतात. हिंदू-मुसलमान सगळ्यांना एकाच डोंगरावर. वर चाफ्याची झाडं. आपला देवळातला चाफा असतो ना, तोच. ते लिहू नको तुझ्या त्यात.

अश्विनी : नाही लिहीत. काय लिहू मग?

दत्ताराम : लिही, की पाहुणा आला की आधी कॉफी देतात. गाळत नाय, खाली गाळ असतो, तो प्यायचा नाय. खाचरं डोंगर उतरतात पायरी-पायरीनं. वर्षाला तीन पिकं. एका बांधावर लावणी चाललेली आणि पलीकडच्या बांधावर कापणी. मी पयल्यांदा बघितलं तर वेड्यासारखा उभा राहिलो. आपल्याकडं पाऊस गेला की शेत झोपतं, तिथं झोपतच नाय. कशामुळं? तर झऱ्यामुळं. सुंबर म्हणजेच झरा. लिरिह म्हणजे हळू आवाजाचा.

अश्विनी : हळू आवाजाचा झरा... हे घेते. आणि गुंतवणूकदारांसाठी?

दत्ताराम : परक्याला जमीन विकत मिळत नाय तिथं. भाड्यानं मिळते. तुझी कंपनी तीच घेणार हाय, स्लामेतकडनं.

अश्विनी : स्लामेत कोण?

दत्ताराम : लास्त्रीचा धाकटा भाऊ. इथं मुहर्रकला लाँड्रीत होता काही वर्षं, तिथंच मोडकं हिंदी शिकला. वरची जमीन त्या दोघांची. आता त्याचीच. कागदावर माझं काय नाय. पण तो म्हणतो, दीदीचा वाटा हाय, मास दत्ता हो म्हणेल तर देईन. मास म्हणजे थोरला भाऊ. उद्या गावात मीटिंग हाय. मी हो म्हणणार हाय.

अश्विनी : तू हो म्हणणार आहेस?

दत्ताराम : का नको? त्याची कंबर गेलीय, पोरगी नर्सिंग शिकते, शेतीला कोण नाय. आणि म्हणालाय, पैसे आले की घर वाढवतो, एक खोली तुझी. अशू, इथले मालक गेले. त्यांची मुलं चांगली, उन्हाळ्यापर्यंत व्हिसा ठेवलाय म्हणाली. पुढं काय? गावी जाऊन मथुरेच्या दारात बसू? मला तिथं जायचंय. लास्त्री जिथं हाय तिथं.

अश्विनी : मामा...

दत्ताराम : काय झालं? तोंड का पडलं?

अश्विनी : काही नाही. चहा टाक तू.

दत्ताराम : मघाशी नको म्हणालीस. काय ते बोल.

अश्विनी : हा लेआउट बघ. कुणाला दाखवायचा नाही म्हणून सांगितलंय. ही भिंत, अशी गोल फिरते. आत व्हिला. आणि हे निळं आहे ना, हे स्विमिंग पूल. प्रत्येक व्हिलाला वेगळा. आणि हे इथे, बारीक अक्षरात... वॉटर सोर्स.

दत्ताराम : हे काय? हा तर झरा.

अश्विनी : हो.

दत्ताराम : भिंतीच्या आत?

अश्विनी : हो.

दत्ताराम : मग खालच्या खाचरांना पाणी कुठनं?

अश्विनी : यात लिहिलेलं नाही. मी साहेबांना विचारलं. म्हणाले, प्रोफाइलमध्ये त्याची गरज नाही.

दत्ताराम : स्लामेतला माहीत असेल?

अश्विनी : हा नकाशा गावात कुणालाच दाखवलेला नाही. त्यांना भिंतीच्या जागी फुलझाडांचं चित्र दाखवलंय.

दत्ताराम : मीटिंग उद्या हाय. आजच सांगायला पायजे का गो?

अश्विनी : मी काल रात्रीपासून स्वतःला हेच विचारतेय. सांगितलं तर माझी नोकरी जाईल. नोकरी गेली की व्हिसा. घरी काय सांगू? नाही सांगितलं तर तुझी खोली होईल. मला खोलीचं आत्ता कळलं, म्हणून तर मघाशी गप्प झाले.

दत्ताराम : मग कशाला दाखवलास नकाशा?

अश्विनी : तू कापणी आणि लावणी एकदम बघून वेड्यासारखा उभा राहिलास म्हणालास. मला राहवलं नाही.

दत्ताराम : खालच्या बांधावर एक म्हातारी हाय. लास्त्रीला घेऊन गेलो त्या दिवशी तिनंच आंघोळ घातलीन तिला. त्याच पाण्यानं. आता मी त्या खोलीत झोपू आणि सकाळी उठून तिला तोंड कसं दाखवू? दे फोन. तिकडं संध्याकाळ झाली असेल, घरात असेल स्लामेत.

अश्विनी : काय सांगणार आहेस?

दत्ताराम : दिसलंय ते. तुझं नाव घेणार नाय.

अश्विनी : नकाशा वाचता मला येतो. विचारेल तर मीच सांगते. स्पीकरवर लाव.

स्लामेत : मास दत्ता! खाना हो गया?

दत्ताराम : हो गया, हो गया. स्लामेत, ये मेरी बहन की लड़की. अश्विनी.

स्लामेत : मथुरा दीदी का लड़की? माशाल्ला! तुम कंपनी में, ना? कंपनी बहुत अच्छा. कल मीटिंग, सब लोग आएगा.

दत्ताराम : स्लामेत, सुन. मैं हाँ नहीं बोलता. झरा कंपनी की दीवार के अंदर जाएगा.

स्लामेत : नहीं नहीं. दीवार मफी, दीवार नहीं. वो बोला फूल का झाड़ लगाएगा, बस. पानी सेम-सेम.

अश्विनी : स्लामेत मामा, मैंने नक़्शा देखा है. पक्की दीवार है. झरना अंदर है. पूल के लिए.

स्लामेत : तुम ख़ुद देखा?

अश्विनी : ख़ुद देखा. मेरे सामने रखा है.

स्लामेत : मास दत्ता, वो पानी से नीचे मस्जिद में हाथ-पाँव धोता, पुरा में, मंदिर में, पूजा करता. मेरा बाप नाली खोदा, तुमको दिखाया था. मैं साइन करेगा तो गाँव में मेरे साथ कौन बैठेगा?

दत्ताराम : वही तो.

स्लामेत : लेकिन मेरा कमर खलास है, मास. मैं खेत में खड़ा नहीं रह सकता. ये लोग नहीं आएगा, तो फिर क्या?

दत्ताराम : मैं आएगा.

स्लामेत : तुम? तुम बुड्ढा आदमी.

दत्ताराम : तुझसे कम बुड्ढा है. बीस साल मैं गाड़ी चलाया, लेकिन चिखल में पैर डालना भूला नहीं.

स्लामेत : कमरा नहीं बनेगा, मास. तुम आएगा तो उधर सोना पड़ेगा, चावल का बोरी के बाजू में. छत टपकता है.

दत्ताराम : टपकने दे.

स्लामेत : कल मैं बोलेगा. पानी दीवार के बाहर, पेपर पर लिखो, तो जगह लो. नहीं तो मफी. और लड़की, तुमको प्रॉब्लम होगा?

अश्विनी : होगा शायद. देखेंगे.

स्लामेत : तुम्हारा मामी ऐसा ही था. सीधा बोलता था, फिर रोता था.

(दीड महिन्यानंतर. अरादहून विमानतळाकडे जाणारी गाडी. अश्विनी चालवते आहे, दत्ताराम बाजूला बसला आहे.)

दत्ताराम : ब्रेक एवढा जोरात नाय मारायचा गो. मागचा माणूस कसा चालवतो ते आधी बघ.

अश्विनी : मामा, आज तरी तू प्रवासी आहेस.

दत्ताराम : सवय नाय या बाजूला बसायची. हात कुठं ठेवायचे तेच कळत नाय. ऑफिसातनं काय?

अश्विनी : कंपनीने पाणी बाहेर ठेवायला नकार दिला आणि पलीकडचा डोंगर बघायला गेले. तिथेही गाव असेलच. साहेबांनी मला बोलावून विचारलं, लेआउट बाहेर कसा गेला. मी म्हटलं, मी सांगितलं. ते ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, मग इथे कशी राहणार तू? या महिनाअखेर संपतंय.

दत्ताराम : माझ्यामुळं झालं.

अश्विनी : तसं म्हणू नको. जनाबियाला एका कंपाउंडच्या ऑफिसात मुलाखत दिलीय. बोलावलं तर ठीक. नाही तर घरी जाईन, तिथून बघू. भीती वाटते, खोटं नाही सांगत. पण झोप लागते.

दत्ताराम : प्रोफाइल कुणी लिहिलंन मग?

अश्विनी : मी माझं पूर्ण केलं. द्यायला नाही, असंच लिहून ठेवलं. तू सांगितलंस ते सगळं घेतलं. चाफ्याचं नाही घेतलं.

दत्ताराम : घेतलं असतंस तरी चाललं असतं. स्लामेत लावणीला माणसं लावतो म्हणत होता. मी म्हटलं, थांब, मी पोचतो. सुरुवातीला व्हिजिट व्हिसावर राहीन, मग काय ते बघतील. मालकांच्या मुलीनं खजूर बांधून दिलंन, रडली पोर. शाळेत मीच सोडायचो तिला.

अश्विनी : मामा, एक सांगायचं राहिलं. काल आईला फोन केला. सगळं सांगितलं. नोकरीचं, झऱ्याचं, तू कायमचा चाललास ते. आणि पडवीवरचं मला माहीत आहे, तेही.

दत्ताराम : कशाला सांगितलंस ते? काय म्हणाली?

अश्विनी : म्हणाली, त्याला विचार, त्या डोंगरावर थंडी पडते का.

दत्ताराम : मी राहणार तिथं म्हणून विचारत असेल.

अश्विनी : मीही तेच म्हटलं. तर म्हणाली, त्याचं नाही विचारत. काय सांगू तिला?

दत्ताराम : संध्याकाळी पडते म्हणावं. लास्त्रीकडं येताना शाल घेऊन ये म्हणावं तिला.